पहिला मफलर : सोळा हजार टाक्यांचा हिशेब

पालघर, बोईसर, तारापूर हा आपला पट्टा समुद्राकाठचा. येथील हिवाळा म्हणजे पहाटेचा गारवा आणि दहा वाजता पुन्हा घाम. अशा मुलखात मफलर विणायला शिका असे सुचविणे अनेकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु पहाटेच्या डहाणू-विरार गाडीत खिडकीशी बसणारा नोकरदार, दुचाकीवरून औद्योगिक वसाहतीत जाणारा मुलगा, शिखरजीच्या वंदनेसाठी अंधारातच चढण सुरू करणारे आईवडील, या साऱ्यांना गळ्याभोवती काहीतरी लागतेच.

आपल्या घरांना ही कला नवी नाही. १९६२ साली चिनी आक्रमणाच्या वेळी देशभर घरोघरी स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे आणि मफलर विणले. त्याच नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले होते. त्या वेळी विशीत असलेली स्त्री आज ऐंशी ओलांडून गेली आहे. राजस्थानच्या थंड मुलखातून सून म्हणून आलेल्या आपल्या अनेक आजी-काकूंच्या बोटांत ही कला अजून आहे. मात्र घरात ती कोणी विचारत नाही. विचारण्याची वेळ आताच आहे.

दोन प्रकारचे विणणे

मराठीत ‘विणणे’ हा शब्द दोन्हींसाठी वापरतात. तारापूरच्या कापड कारखान्यांतील मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत गुंततात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच असतो. एका फासातून दुसरा फास काढत ओळ वाढत जाते. म्हणून विणलेली वस्तू ताणली जाते, आणि चुकल्यास उसवून तोच धागा पुन्हा वापरता येतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर श्रम वाया जातील, भांडवल बुडणार नाही.

धागा आणि सुया

रेशीम अनेक जैन घरांत वर्ज्य आहे, कारण कोश उकळून तो धागा काढतात. लोकर कातरून मिळते. श्वेतांबर साधुसाध्वींच्या रजोहरणाच्या दशा आणि सामायिकाचे कटासणे परंपरेने लोकरीचेच असते. तरीही ज्यांना प्राणिज धागा नको, त्यांच्यासाठी सूत आणि ॲक्रिलिक आहेच. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे पुष्कळसे गुंडे प्रत्यक्षात ॲक्रिलिकचे असतात, तेव्हा वेष्टन वाचून घ्यावे. हातविणकामाच्या धाग्यांतील ओसवाल आणि वर्धमान ही दोन्ही नावे लुधियानाची. त्यांमागील समाज कोणता, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

धागा मध्यम जाडीचा आणि फिक्या रंगाचा घ्यावा. गडद रंगात नवख्याला टाके दिसत नाहीत. सर्व गुंडे एकाच वेळी आणि एकाच लॉट नंबरचे घ्यावेत, अन्यथा रंगात फरक पडतो. सुयांचे जुने ब्रिटिश क्रमांक अजून प्रचारात आहेत आणि ते उलटे चालतात : क्रमांक वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ६ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर, ४ नंबर म्हणजे ६ मिलिमीटर.

टाके घालणे, सुलट टाका, उलट टाका आणि टाके बंद करणे या चार क्रिया पुरेशा आहेत. सुलट टाक्यात धागा कामाच्या मागे राहतो, उलट टाक्यात पुढे. हे वाचून समजते, पण हातात येते ते कोणीतरी शेजारी बसून दाखविल्यानेच.

तीन सोपे मफलर

*पहिला : सर्व ओळी सुलट.* ६ नंबरच्या सुयांवर ३२ टाके घालावेत. प्रत्येक ओळ सुलटच विणावी. दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि कडा गुंडाळत नाहीत. मुलासाठी १ मीटर लांबी आणि १०० ग्रॅम धागा पुरे. मोठ्या माणसासाठी दीड मीटर लांबी धरून १५० ग्रॅम घ्यावा.

*दुसरा : दोन सुलट, दोन उलट.* ८ नंबरच्या सुयांवर ४८ टाके. संख्या चाराच्या पटीत असल्याने प्रत्येक ओळ दोन सुलट टाक्यांनी सुरू होते आणि दोन उलट टाक्यांनी संपते. उभ्या पन्हाळ्यांसारखी ही वीण गळ्याशी घट्ट बसते. याला धागा थोडा अधिक लागतो, म्हणून २०० ग्रॅम हाताशी ठेवावा.

*तिसरा : सुती जाळीचा.* आपल्या हवेला हाच सर्वांत योग्य. ४ नंबरच्या सुयांवर सुती धाग्याचे ४० टाके घालावेत. प्रत्येक ओळीत आरंभी एक सुलट. मग धागा सुईवरून घेऊन पुढील दोन टाक्यांचा एक, असे शेवटच्या टाक्यापर्यंत. अखेरीस एक सुलट. जितके टाके कमी होतात तितकेच सुईवरच्या धाग्याने वाढतात, त्यामुळे बेरीज कायम राहते. सूत लांबीत ओघळते, म्हणून हवी त्यापेक्षा थोडी कमी लांबी विणावी.

रोकड जुळविणे

बँकेत सायंकाळी रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. विणकामातही दर दहा ओळींनंतर टाके मोजावेत. संख्या वाढली असेल तर बहुधा ओळीच्या आरंभी धागा सुईवर आडवा पडून एकाचे दोन टाके झालेले असतात. घटली असेल तर एखादा टाका निसटलेला असतो. निसटलेला टाका क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणता येतो. ओळ अर्धी सोडून उठू नये. नवा गुंडा ओळीच्या आरंभीच जोडावा आणि दोन्ही टोके वीतभर राखून शेवटी विणीत ओवून टाकावीत.

नफा कोणत्या खात्यात?

आता हिशेब. पहिल्या प्रकारच्या दीड मीटर मफलरला सुमारे ५१० ओळी होतात. ३२ टाक्यांप्रमाणे १६,३२० टाके. मिनिटाला २० टाके धरले तर ८१६ मिनिटे. सामायिकाची ४८ मिनिटे हे बैठकीचे माप आपल्या अंगवळणी पडलेले आहे. सामायिकाच्या वेळेत अर्थातच विणायचे नाही, पण दिवसातून तेवढाच वेळ वेगळा काढला तर १७ दिवस. चौविहार पाळणाऱ्या घरांत हिवाळ्यातील सूर्यास्तापासून झोपेपर्यंतचा वेळ मोकळाच असतो. फक्त दिवा चांगला हवा.

रुपयांत हा व्यवहार तोट्याचा आहे. बाजारातला तयार मफलर अनेकदा नुसत्या लोकरीपेक्षाही स्वस्त पडतो, आणि श्रमाचे मोल तर कोणी देतच नाही. ‘विकत मिळते की!’ हा व्यापारी घरातील आक्षेप म्हणूनच खरा आहे. परंतु त्या १७ संध्याकाळी आजी आणि नात एका दिव्याखाली बसतात, आणि ज्या आजीला घरात कोणी काही विचारत नव्हते तिला रोज दहा वेळा विचारले जाते, ‘दादी, हा टाका कसा घेऊ?’ ही जमा बाजारात मिळत नाही.

विणून झाल्यावर

पहिला मफलर घरीच ठेवावा. तो वाकडातिकडा होणारच. दुसरा-तिसरा देण्याजोगा होतो. आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात थंडी किनाऱ्यापेक्षा अधिक बोचते. तेथील आश्रमशाळांत द्यायचे असल्यास मुख्याध्यापकांना आधी संख्या विचारावी, वर्गातील सर्व मुलांना पुरतील इतके जमवावेत, आणि थंडी ओसरण्यापूर्वी पोहोचवावेत. धुण्यास सोपा म्हणून तेथे ॲक्रिलिकच बरा. एका घरातून तीन मफलर निघाले, तर दहा घरांतून एक वर्ग झाकला जाईल.

दिवाळीनंतर सुया आणाव्यात. त्याआधी घरातील ज्येष्ठांना एकदा विचारून पाहावे की, तुम्हाला विणता येते का? अनेक घरांत उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल.