दारातल्या गाडीची राखण घरातल्या साऱ्यांची

एके काळी गावात मोटार यायची ती साखर कारखान्याची जीप, नाही तर तालुक्याच्या डॉक्टरांची फियाट. पोरे तिच्या धुरळ्यामागे वेशीपर्यंत धावायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढे हळूहळू मोटार ही केवळ बड्या लोकांची चीज राहिली नाही. आज कांद्याच्या, द्राक्षांच्या, उसाच्या पैशातून किंवा नोकरीला लागलेल्या मुलाच्या पगारातून घेतलेली जुनी-नवी चारचाकी कितीतरी घरांपुढे उभी असते. आजाऱ्याला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला, लेकीला माहेरी आणायला, बी-बियाण्याला ती उपयोगी पडते. हे चांगलेच झाले.

पण बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. घरी आणल्यावर तो वैरण खातो की नाही हे रोज बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र डिझेल-पेट्रोल घातले की काम संपले, अशी समजूत असते. अपघात रस्त्यावर होतो हे खरे. पण तो टाळण्याचे पुष्कळसे काम घरच्या अंगणात, गाडी निघण्यापूर्वीच करता येते. आणि ते एकट्या चालवणाऱ्याचे काम नाही. घरातल्या प्रत्येकाचा त्यात वाटा आहे.

सकाळची पाच मिनिटे

गाडी सुरू करण्याआधी तिला एक पूर्ण फेरी घालावी. या फेरीचे पहिले कारण म्हणजे आपली लहान मुले. अंगणात रांगणारे, नुकते चालू लागलेले मूल गाडीच्या मागे बसले असेल तर आरशात दिसत नाही. मागे घेताना घरातल्या मोठ्या माणसाने बाहेर उभे राहावे आणि मुलाचा हात आपल्या हातात धरावा. "तो तिकडे खेळतोय" एवढ्यावर भरवसा ठेवू नये.

फेरी घालताना गाडी उभी होती तिथली जमीन पाहावी. काळा डाग म्हणजे बहुधा इंजिनचे ऑइल गळते आहे. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट ओल दिसली तर ब्रेकचे ऑइल गळत असण्याची शक्यता असते. अशी गाडी बाहेर काढू नये, मेस्त्रीला घरी बोलवावे. ब्रेकचा पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल किंवा दाबल्यावर मऊ लागत असेल तर तोही तसाच इशारा समजावा.

मग टायर. किती हवा भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. हवा टायर थंड असताना तपासावी, कारण धावून तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो. कमी हवेचा टायर चालताना दबून दबून तापतो आणि लांबच्या वेगवान रस्त्यावर फुटतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. अशा रस्त्यावर जाण्याआधी चारही टायर आणि स्टेपनी पाहणे हे भाकरी बांधून घेण्याइतकेच गरजेचे आहे. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो बदलायला हवा. टायर किती जुना आहे तेही कळते. त्याच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३२१ असे असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. जुनी गाडी घेताना हे आकडे जरूर वाचावेत. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचा टायर दिसायला नवा असला तरी त्याचे रबर कडक होऊन चिरलेले असते.

गोठा, कडबा आणि गाडी

शहरातल्या गाडीला नसलेली काही दुखणी आपल्याकडच्या गाडीला असतात. धान्याच्या कोठीशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ गाडी उभी केली की उंदीर बोनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात. तंबाखूची पाने, डांबरगोळ्या यांचा उपाय लोक करतात, पण तो थोडे दिवसच चालतो. खरा उपाय म्हणजे गाडी धान्यापासून दूर उभी करणे आणि गाडीत दाणे, शेंगा, खाऊ सांडू न देणे.

वाळलेल्या पाचटावर किंवा गवतावर नुकतीच आलेली गाडी उभी करू नये. सायलेन्सर आणि त्याला जोडलेले भाग इतके तापलेले असतात की वाळका पाला पेट घेऊ शकतो. फवारणीची औषधे माणसे बसलेल्या बंद गाडीतून आणू नयेत. बाटली थोडी जरी झिरपली तरी विषारी वाफ आतच कोंडते. पेट्रोलचा प्लास्टिकचा कॅन गाडीत ठेवणे तर जळती चूड जवळ बाळगण्यासारखेच.

रेडिएटरमध्ये बोअरचे किंवा विहिरीचे क्षाराचे पाणी घालू नये. चहाच्या पातेल्यात जसा पांढरा थर बसतो तसाच तो आत बसतो आणि इंजिन तापू लागते. बाजारात मिळणारे कूलंट घालावे. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. उकळते पाणी उसळून तोंड-हात भाजतात.

बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर आला तर इंजिन बंद करून आधी उणे खुणेची वायर काढावी, मग अधिक खुणेची. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या दात घासायच्या ब्रशने टोके साफ करावीत, कोरडी करून व्हॅसलीन लावावे. जोडताना उणे खुणेची वायर शेवटी जोडावी. हे काम चालू असताना जवळ विडी-काडी नको, कारण बॅटरीतून निघणारा वायू पेटतो.

पट्टा पुढच्याचा आणि मागच्याचाही

गावाकडे पट्टा लावतात तो पोलीस दिसल्यावर, आणि तोही फक्त पुढे बसलेले. मागे बसलेल्याला काय होते, असे अनेकांना वाटते. ३ जून २०१४ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दिल्लीत धडक बसली, तेव्हा ते मागच्याच सीटवर बसले होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले. दोघेही मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. गाडी अचानक थांबते तेव्हा आतले माणूस थांबत नाही, ते गाडीच्याच वेगाने पुढे फेकले जाते. पट्टा न लावलेला मागचा माणूस स्वतः तर जातोच, पुढच्याच्या पाठीवरही आदळतो.

लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची सवय घरातल्या आयाबायांनी मोडलीच पाहिजे. धडकेच्या वेळी आईच्या हातांत कितीही माया असली तरी मुलाला धरून ठेवण्याइतके बळ नसते, आणि पुढची हवेची पिशवी उघडली तर तिचा तडाखा मुलालाच बसतो. मुलाला मागे, त्याच्या मापाच्या आसनावर पट्ट्याने बांधून बसवावे. २०१९ च्या दुरुस्त कायद्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला असे सुरक्षित बसवले नाही तर १००० रुपये दंड आहे. गरोदर बाईनेही पट्टा लावावा. खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या वरच्या हाडांवरून घ्यावा आणि वरचा छातीच्या मधून घ्यावा. पदर पट्ट्यात गुंडाळला जाणार नाही, दारात अडकणार नाही, हे पाहावे.

जेवढा उजेड तेवढा वेग

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॉल्या असतात. त्यातल्या कित्येकांना मागे दिवा नसतो. इथे थोडे गणित करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण तेवढा एक सेकंद जातो. नंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर ती ९-१० मीटरवर थांबते. म्हणजे एकूण सुमारे २० मीटर. हाच वेग ८० केला तर त्या सेकंदात २२ मीटर जातात आणि ब्रेक लागल्यावर आणखी ३६ मीटरच्या वर लागतात. एकूण जवळजवळ ६० मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. ओल्या रस्त्यावर, गुळगुळीत टायरला याहूनही जास्त. समोरच्या गाडीच्या झोताने डोळे दिपलेले असताना ६० मीटरवरची बिनदिव्याची ट्रॉली कोणाला दिसणार? म्हणून जेवढ्या उजेडात गाडी थांबवता येईल तेवढाच वेग ठेवावा, समोरून वाहन येताच दिवा डिपरवर घ्यावा आणि हेडलाइटची काच रोज पुसावी.

आपलीच ट्रॉली किंवा बैलगाडी रस्त्यावर जात असेल तर मागे लाल चमकपट्ट्या लावाव्यात आणि उसाचे वाढे त्यांवर लोंबू देऊ नये. या पट्ट्यांना खर्च थोडा येतो. मागून येणाऱ्या गाडीत उद्या आपलाच भाऊ असू शकतो.

पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये. एक फूट वाहते पाणी लहान मोटारीला तरंगवते, दोन फूट पाणी मोठ्या गाड्यांनाही ओढून नेते. शिवाय पाण्याखालची फरशी शिल्लक आहे की खचली, हे वरून कळत नाही. घर दहा पावलांवर दिसत असले तरी थांबावे, पाणी उतरू द्यावे. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा पुन्हा चावी फिरवू नये. इंजिनात पाणी शिरले असेल तर आतले भाग वाकतात आणि खर्च हजारांवर जातो.

कागदांची पिशवी

घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीने किंवा सुनेने गाडीची एक वही ठेवावी. विम्याची, पीयूसीची आणि ऑइल बदलण्याची तारीख, किती किलोमीटरला किती इंधन लागले, हे त्यात लिहावे. इंधन एकाएकी जास्त लागू लागले की दुखणे कळते. विम्याची तारीख तर पंचांगातही लिहून ठेवावी. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो संपलेला असताना कोणी आपल्या गाडीखाली आले तर भरपाई शेतजमिनीवर येते. खासगी गाडी पैसे घेऊन वऱ्हाडाला देऊ नये, अशा वापरात विमा कंपनी हात वर करू शकते.

जुनी गाडी विकताना किंवा घेताना मुद्रांकाच्या कागदावर सह्या करून भागत नाही. आर.टी.ओ.कडे नाव बदलून घ्यावे लागते. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. विकून टाकलेल्या गाडीच्या अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारी येते ती अशी.

आणखी एक. "आमचा बाळ्या आठवीत आहे, पण गाडी झकास चालवतो," हे कौतुक थांबवा. २०१९ पासून अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. त्यापेक्षा घरातल्या सुनेला, लेकीला रीतसर शिकवून लायसन काढून द्यावे. घरात दोन जण चालवणारे असले तर घरधन्यालाच रात्री छातीत कळ आली तेव्हा गाडी दारात असून कामाची नाही, असे होत नाही.

अपघात दिसला तर

रस्त्यात कोणी पडलेले दिसले तर १०८ किंवा ११२ ला फोन करावा. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. आग लागण्याचा धोका नसेल तर मान वाकवून ओढून बाहेर काढू नये. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाही, असे संरक्षण कायद्याने दिलेले आहे. म्हणून लचांड मागे लागेल या भीतीने पुढे जाऊ नये.

शेतकरी कुटुंबावर असा घाला आलाच तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सुरक्षा योजना आहे. अपघाती मृत्यूला तीत २ लाख रुपयांचे साहाय्य आहे. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लवकर अर्ज करावा. पण नशेत असताना झालेल्या अपघाताला ही मदत नाही, आणि मेलेला स्वतः गाडी चालवत असेल तर लायसन दाखवावे लागते.

खंडेनवमीला आपण अवजारांबरोबर गाडीचीही पूजा करतो. यंदा हार घालण्याआधी टायरची हवा, ब्रेक, दिवे आणि विम्याची तारीख पाहून घ्या. हार बांधा तो नंबर आणि समोरची काच झाकणार नाही असा. मग घरातल्या सगळ्यांना गाडीत बसवा आणि मागच्या सीटवरच्या आजीपासून सगळ्यांचे पट्टे लावूनच देवदर्शनाला निघा.