घड्याळ कोणाच्या स्वाधीन करावे?

मुंबईला घड्याळाचे भांडण नवे नाही. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. शहराने या बदलाला कडवा विरोध केला आणि महापालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे आपली जुनी वेळ सोडली नाही. कोणती वेळ अधिक बरोबर, यापेक्षा ती ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या वादाचा गाभा होता. आज हाच प्रश्न संगणकांच्या बाबतीत नव्या रूपाने उभा आहे.

संगणकाचे घड्याळ मनगटी घड्याळाप्रमाणेच मागेपुढे होते. म्हणून तो जाळ्यावरील अधिक विश्वसनीय संगणकाला वेळ विचारतो. प्रश्न पाठविला केव्हा, तो पोहोचला केव्हा, उत्तर निघाले केव्हा आणि हाती आले केव्हा, या चार नोंदींवरून प्रवासातील विलंब वजा करून तो आपले घड्याळ जुळवितो. डेव्हिड मिल्स यांनी विकसित केलेल्या या पद्धतीचा नियम १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजारात एकाच भावाच्या दोन मागण्या आल्या, तर आधी आलेलीला अग्रक्रम मिळतो. तेव्हा 'आधी' या शब्दाला पैशाचे मोल असते. अंधेरीच्या कचेरीतील चोरीचा तपास असो वा मुलुंडच्या बँकशाखेतील व्यवहाराची तक्रार, नोंदींच्या वेळा जुळल्या नाहीत तर पुरावा लंगडा पडतो.

असे नवे सॉफ्टवेअर तयार झाले की ते ठेवावे कोठे? जुन्या मूळ प्रकल्पात विलीन करावे, एखाद्या कंपनीच्या पदरी घालावे, की स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे सोपवावे? विलीनीकरणाचा पक्ष वरवर काटकसरीचा वाटतो, कारण एकाच कामासाठी चार चुली कशाला, असे कोणीही विचारील. परंतु मिल्स यांच्या मूळ सॉफ्टवेअरपासून २०१५ मध्ये 'एनटीपीसेक' हा प्रकल्प सुरक्षेच्या चिंतेतूनच वेगळा झाला, आणि 'क्रोनी' तर आरंभापासून स्वतंत्रपणे लिहिले गेले. वेळेसारख्या बाबतीत दोन-तीन स्वतंत्र रचना असणे ही उधळपट्टी नव्हे. सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर वापरले, तर त्यातील एकच दोष सगळ्यांना एकाच दिवशी बाधेल.

कंपनीच्या पदरी घालण्यातील धोका निराळा आहे. नफ्याची दिशा बदलली की देखभाल थांबते. या दृष्टीने नेदरलँड्समधील 'ट्वीडे गोल्फ' या संस्थेच्या 'एनटीपीडी-आरएस' या सॉफ्टवेअरचे उदाहरण उद्बोधक आहे. स्मृतीच्या हाताळणीतील चुका टाळणाऱ्या रस्ट या भाषेत ते लिहिले गेले. आरंभी त्याला एका अमेरिकी ना-नफा संस्थेचे पाठबळ मिळाले आणि पुढे ते 'ट्रायफेक्टा टेक फाउंडेशन' या स्वतंत्र ना-नफा संस्थेकडे गेले. लिहिणारे हात तेच राहिले. मात्र मालकी एका व्यवसायाच्या नफ्यातोट्याला बांधलेली राहिली नाही. हाच मार्ग मला योग्य वाटतो.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे सॉफ्टवेअर म्हणजे शुद्ध सार्वजनिक वस्तू होय. एकाने वापरल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही, आणि न देणाऱ्याला वगळता येत नाही. अशा वस्तूचा लाभ सर्वजण घेतात, खर्च मात्र प्रत्येक जण शेजाऱ्यावर ढकलतो. स्वतंत्र संस्था उभारली म्हणजे ही अडचण आपोआप सुटत नाही, हा आक्षेप रास्त आहे. देणगीवर जगणारी विश्वस्त संस्थाही उपाशी मरू शकते. म्हणून घर ठरविताना त्या घराच्या शिध्याचीही सोय ठरली पाहिजे.

येथे आपल्या धोरणातील उणीव दिसते. एप्रिल २०२२ च्या 'सर्ट-इन'च्या आदेशाने संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र वा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळविण्याचे बंधन घातले. वेळ कोणाकडून घ्यावी हे आदेश सांगतो. ती घेणारे सॉफ्टवेअर कोणी सांभाळावे, याविषयी तो मौन पाळतो.

ही उणीव भरून काढण्याची साधने आपल्या उपनगरांतच आहेत. जुहूला १९८५ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे 'सी-डॅक'मध्ये विलीन झालेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने देशातील आरंभीच्या संगणक-जाळ्याच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. पवईच्या आयआयटीत मुक्त सॉफ्टवेअरचा शिक्षणात प्रसार करणारा 'फॉसी' प्रकल्प चालतो. अशा संस्थांतील दोन-चार अभियंत्यांना स्वतंत्र प्रकल्पांच्या देखभालीसाठी कायम वेतन द्यावे, आणि त्याचा भार अचूक वेळेवर ज्यांचा नफा अवलंबून आहे, त्या शेअर बाजारांनी व बँकांनी उचलावा. मालकी मात्र त्यांनी मागू नये. एका संस्थेच्या पगारावर दुसऱ्या संस्थेचे काम कसे, अशी शंका हिशेबतपासनीस काढतील. पण रस्ता महापालिकेचा असला तरी तो वापरणारा कर भरतोच. १९०६ मध्ये मुंबईकरांना न विचारता वेळ ठरविली गेली. या वेळी विचारण्याची वाट न पाहता आपण आपला वाटा उचलावा, हे अधिक शहाणपणाचे.