भेट शिक्षकांना, कमिशन कोणाला?

५ सप्टेंबरचा शिक्षक दिन जवळ आला की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर साखळी विक्री करणाऱ्या एखाद्या पालकाचा प्रस्ताव येतो: शिक्षक आणि मावशींसाठी क्रीम-शाम्पूचे किट, वर्गणी ठरलेली.

• हिशेब: समजा, ४० पालकांनी प्रत्येकी २०० रुपये दिले, तर विक्री ८,००० रुपयांची. त्यावर विक्रेत्याला कमिशन आणि पॉइंट मिळतात. त्याला साखळीत आणणाऱ्यालाही वाटा जातो.

• दडपण: ‘कोणी दिले, कोणाचे बाकी’ ही यादी ग्रुपवर फिरते. आपल्या मुलाकडे दुर्लक्ष होईल, या भीतीने ऐपत नसलेलेही पैसे देतात. हे सर्वांत वाईट.

• नियम: ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ नुसार विक्रेत्याने सुरुवातीलाच, न विचारता, आपली ओळख, कंपनीचे नाव आणि विक्रीचा हेतू सांगायला हवा. किंमत आणि परताव्याच्या अटीही स्पष्ट हव्यात. पिरॅमिड योजनांना या नियमांत मनाई आहे; पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे.

• काय करावे: ‘यात तुम्हाला कमिशन आहे का?’ असे सर्वांसमोर विचारा. वर्गणी ऐच्छिक आणि नावांच्या यादीविना ठेवा. शाळेच्या नावाचा वापर होत असेल तर मुख्याध्यापकांना कळवा. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५.

मुलाने स्वतः लिहिलेले चार ओळींचे पत्र ही शिक्षकांसाठी पुरेशी भेट आहे.