आधी चिठ्ठ्या, मग धडा

लैंगिकता शिक्षणाचा तास घ्यायचं ठरलं, की शिक्षकांची पहिली धावपळ असते ती तयार तक्ते आणि चित्रफिती मिळवण्याची. ते मिळतातही. पण समोरच्या मुलांना ते आपले वाटतील का, हे तपासायचं राहून जातं.

राजस्थानातल्या खेड्यांतल्या बायकांनी ते तपासलं. १९८०च्या दशकात तिथल्या आरोग्य शिबिरांतून ‘शरीर की जानकारी’ हे पुस्तक आकाराला येत होतं. सुरुवातीच्या मसुद्यात उघड्या शरीरांची चित्रं होती. गावात ती दाखवल्यावर आक्षेप आला, तो अश्लीलतेपेक्षा खोटेपणाचा: आमच्याकडे असं उघडं माणूस दिसतं कुठे? तोडगाही बायकांनीच काढला. चित्रातली बाई नेहमीच्या पोशाखात. कागदाची घडी उचलली की आत शरीररचना. माहिती तीच राहिली आणि पुस्तक घराघरांत नेता आलं. ‘काली फॉर विमेन’ने १९८९मध्ये ते छापलं, तेव्हा लेखिका म्हणून पंचाहत्तर जणींची नावं होती.

महाराष्ट्रात २००७ साली पौगंडावस्था शिक्षणाच्या साहित्यातल्या चित्रांवरून गदारोळ उठला आणि सरकारने कार्यक्रमच थांबवला. चित्रं बदलता आली असती. शिक्षणच थांबवणं ही मोठी चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

साहित्य मुलांना आपलं वाटावं, तर सुरुवात त्यांच्या प्रश्नांपासून करावी. खरं तर ही वाट आपल्याकडे जुनी आहे. र. धों. कर्वे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकात वाचकांच्या खाजगी शंकांना शास्त्रीय उत्तरं देत होते. त्या उत्तरांवरूनच खटला झाला आणि १९३४मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. खटला हरले, तरी अंक निघत राहिले.

आजच्या वर्गात प्रश्न गोळा करण्याचं काम खोक्याला फट पाडून होतं. तासाच्या आठवडाभर आधी सगळ्यांना सारख्याच आकाराचे कागद द्यावेत आणि प्रत्येकाने काहीतरी लिहून टाकायचंच, असं सांगावं. प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’ एवढंच. नाहीतर लिहिणारा लगेच ओळखू येतो. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचाव्यात आणि त्यांवरून धडा आखावा. पाळी, हस्तमैथुन, आकाराची भीती हे तर येतंच. पण ‘ती नाही म्हणाली तर काय करायचं?’ असंही येतं, आणि त्याचं उत्तर शरीराच्या तक्त्यात सापडत नाही. युनेस्कोच्या लैंगिकता शिक्षणावरच्या २०१८च्या सुधारित मार्गदर्शिकेतल्या आठ मुख्य संकल्पनांत पहिली ‘नातेसंबंध’ ही आहे, ती उगीच नव्हे. वयोगटांनुसार काय शिकवावं, हे त्यात सविस्तर आहे आणि ती इंटरनेटवर मोफत मिळते. पाळीबद्दल ‘मेन्स्ट्रुपीडिया’चं चित्रपुस्तक मराठीतही आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांनी तर या विषयावर मराठीत मोकळेपणाने बोलून दाखवलं आहे.

एखाद्या चिठ्ठीत अत्याचाराची खूण दिसली, तर तो मजकूर वर्गात वाचायचा नाही. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम १९नुसार त्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा बालकांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे.

पालकसभेत वर्गात वापरायचं साहित्य आधी पालकांसमोर उघडून ठेवा. मुलांच्या चिठ्ठ्या मात्र त्यांना दाखवू नका.