एमआरआय जागा दाखवतो, निदान सुई करते

साठीच्या आसपास लघवीची धार बारीक होते, रात्री दोन-तीनदा उठावे लागते. डॉक्टर पीएसएची रक्ततपासणी सांगतात आणि आकडा वाढलेला येतो. पूर्वी यानंतर थेट प्रोस्टेटची बायोप्सी व्हायची. आता बऱ्याच ठिकाणी आधी एमआरआय करतात आणि त्यात संशयास्पद जागा दिसली, तर नेमका तिथला तुकडा काढतात. या नव्या क्रमाबद्दलचे काही गैरसमज पाहू.

गैरसमज : पीएसए वाढले म्हणजे कॅन्सरच.

वस्तुस्थिती : पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन आहे. वयानुसार ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला किंवा नुकतीच लघवीची नळी घातली असली, तरी ते वाढते. आकडा ४ ते १० नॅनोग्रॅमच्या दरम्यान असलेल्या साधारण चारपैकी तिघांच्या बायोप्सीत कॅन्सर निघत नाही. त्यामुळे संसर्ग असल्यास तो बरा होऊ देऊन तपासणी पुन्हा करणे, ही पहिली पायरी.

गैरसमज : बायोप्सीत काही निघाले नाही, म्हणजे काळजी मिटली.

वस्तुस्थिती : जुन्या पद्धतीत गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालून ग्रंथीच्या ठरलेल्या भागांतून दहा-बारा तुकडे घेतात. सोनोग्राफीत ग्रंथीची कड स्पष्ट दिसते, आतली गाठ मात्र अनेकदा दिसतच नाही. गाठ दोन सुयांच्या मधे किंवा ग्रंथीच्या पुढच्या भागात असली, तर ती निसटते.

किती निसटते, हे ब्रिटनमधल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवले. त्यात ५७६ पुरुषांचा एमआरआय झाला, नेहमीची बायोप्सी झाली आणि पडताळणीसाठी भूल देऊन दर ५ मिलिमीटरवर तुकडे घेतले गेले. उपचारांची गरज असलेले, म्हणजे घातक वळणाचे कॅन्सर नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्के पकडले, तर एमआरआयने ९३ टक्के.

गैरसमज : एमआरआयमध्ये कॅन्सर दिसतोच, मग सुई कशाला?

वस्तुस्थिती : त्याच अभ्यासात एमआरआयने ज्यांच्यावर संशय घेतला, त्यांच्यातल्या जेमतेम निम्म्यांना घातक वळणाचा कॅन्सर होता. ग्रंथीला आलेली सूज किंवा प्रोस्टेटचा क्षयही एमआरआयवर हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो. क्षयरोग अजून हटलेला नसलेल्या आपल्या देशात हे विसरून चालत नाही.

रिपोर्टमधल्या ‘पाय-रॅड्स’ आकड्यामुळे घबराट फार होते. १ ते ५ ही संशयाची पायरी आहे, आजाराची स्टेज नव्हे. ‘पाय-रॅड्स ४’ वाचून ‘चौथ्या स्टेजचा कॅन्सर’ असे घरच्यांना सांगणारे लोक आहेत. कॅन्सर आहे का आणि किती आक्रमक आहे, हे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच कळते.

गैरसमज : एमआरआय स्वच्छ आला, आता पुन्हा बघायला नको.

वस्तुस्थिती : एमआरआय स्वच्छ असूनही साधारण दहापैकी एकाला घातक वळणाचा कॅन्सर असू शकतो. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल किंवा ग्रंथी लहान असून पीएसए जास्त असेल, तर डॉक्टर तरीही बायोप्सी सुचवू शकतात. इतरांनी ठरलेल्या अंतराने पीएसए तपासत राहायचे.

गैरसमज : ही बायोप्सी एमआरआयच्या मशीनमध्येच करतात.

वस्तुस्थिती : तशीही करता येते, पण ती वेळखाऊ आणि महाग असते. बहुतेकदा ‘फ्यूजन’ पद्धत वापरतात. रेडिओलॉजिस्ट एमआरआयवर संशयित जागेची कड आखतो आणि संगणक ती बायोप्सीच्या वेळी चालू सोनोग्राफीवर बसवतो. पडद्यावर ती जागा रंगीत वर्तुळासारखी दिसते. सुई त्यात पोहोचली की बायोप्सी गन ‘खट्’ वाजते आणि दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा, जाड दोऱ्याएवढा तुकडा बाहेर येतो. एमआरआय बायोप्सीच्या आधीच करावा. नंतर केल्यास आत साठलेल्या रक्तामुळे काही आठवडे चित्र गढूळ दिसते.

गैरसमज : सुई टोचली की कॅन्सर पसरतो.

वस्तुस्थिती : प्रोस्टेटमध्ये सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणे अत्यंत दुर्मीळ आहे. खरी काळजी जंतुसंसर्गाची. सुई गुदद्वारातून गेली, तर आतड्यातले जंतू रक्तात जाण्याची शक्यता असते. म्हणून आता अनेक डॉक्टर अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून सुई घालतात. काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसणे अपेक्षित आहे. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते आधीच सांगावे.

गैरसमज : जितके जास्त कॅन्सर सापडतील, तितकी तपासणी चांगली.

वस्तुस्थिती : प्रोस्टेटचे अनेक कॅन्सर इतके मंद असतात, की माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कारणाने जातो. असा कॅन्सर शोधून ऑपरेशन केले, तर लघवीवरचा ताबा सुटणे किंवा लैंगिक क्षमता जाणे हे दुष्परिणाम पदरी पडू शकतात, फायदा मात्र नाही. २०१८ मध्ये ११ देशांतल्या ५०० पुरुषांवरच्या ‘प्रिसिजन’ अभ्यासात एमआरआयच्या वाटेने गेलेल्यांपैकी ३८ टक्क्यांमध्ये घातक वळणाचा कॅन्सर सापडला, नेहमीच्या बायोप्सीने २६ टक्क्यांमध्ये. निरुपद्रवी कॅन्सर मात्र २२ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. शिवाय एमआरआय गटातल्या २८ टक्के जणांना सुई लागलीच नाही.

त्यामुळे बायोप्सीचा रिपोर्ट हाती आल्यावर ‘कॅन्सर आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘कोणत्या ग्रेडचा?’ आणि ‘उपचार आत्ताच हवेत, की नुसती देखरेख चालेल?’ हे दोन प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत.