हॉटेलातली भाकरी आणि आपली ज्वारी

संक्रांत झाली, वाणाची गडबड ओसरली. आज जरा बाहेरच्या जेवणाविषयी बोलू.

मागच्या पंधरवड्यात आम्ही ११ जणी फुलंब्रीहून संभाजीनगरला गेलो होतो. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय, म्हणून एवढ्या जणींचं जाणं जमलं. शहरात एक नवं हॉटेल निघालंय. आपल्या भागातलंच धान्य, आपल्याच भागातली भाजी वापरतो, असं ते सांगतात. त्यांच्याकडून आमच्या ग्रामसंघाला विचारणा आली होती : आठवड्याला ४० किलो ज्वारीचं पीठ आणि थोडं येसर द्याल का? सोयरीक करायची तर आधी घर बघावं, असं आमच्यातल्या मोठ्या बाई म्हणाल्या. म्हणून आधी जेवायला गेलो.

ताटात ज्वारीची भाकरी, येसर आमटी, भरलं वांगं, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि हुरड्याचं थालीपीठ होतं. चव चांगली होती, खोटं कशाला बोला. आमटी जरा पातळ होती, पण पंगतीला माणसं वाढली की आपल्याकडंही ती पातळ होतेच.

हे 'इथलंच खा' आता शहरात नवं म्हणून आलंय. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात अ‍ॅलिस वॉटर्स या बाईंनी १९७१ साली एक हॉटेल काढलं. जवळच्या शेतकऱ्यांकडून जे ताजं येईल त्यावर तिथं रोजचा बेत ठरू लागला, आणि पुढं पुष्कळांनी ती रीत उचलली. आपल्याला यात नवल वाटत नाही. भोगीची भाजी आठवा. वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, बोरं, वर तीळ आणि सोबत बाजरीची भाकरी. त्या आठवड्यात शिवारात जे असतं तेच भांड्यात पडतं. मे महिन्यात भोगीची भाजी कुणी मागत नाही. पण हॉटेलात गिऱ्हाईक मे महिन्यातही मेथी मागतं, आणि खरी अडचण तिथून सुरू होते.

आमच्यातल्या एकीनं वाढणाऱ्या पोराला विचारलं, "बाळा, हे वांगं कुणाच्या शेतातलं?" पोरगं गोंधळलं. त्यानं मॅनेजरांना बोलावलं. माणूस सरळ होता. म्हणाला, "ताई, खरं सांगू? भाजी जाधववाडीतून येते आणि ज्वारी मोंढ्यातल्या व्यापाऱ्याकडून." आता जाधववाडीचा बाजार आपल्याच जिल्ह्यात आहे, पण तिथं माल लांबूनही येतो. बाजार जवळचा म्हणून भाजी जवळची ठरत नाही.

आम्हाला राग आला नाही. व्यापारी रोज माल देतो, सारखा देतो, पक्कं बिल देतो आणि उधारीवर थांबतोही. एका गटाला यातलं सगळं जमत नाही. सोमवारी ४ किलो वांगी आणि शुक्रवारी ३० किलो, असं झालं तर हॉटेलवाल्यानं काय करायचं? म्हणून भाजीची घाई न करता आम्ही धान्य आणि मसाल्यापासून सुरुवात करायची ठरवली. ज्वारी टिकते. येसरही गहू, डाळ, धने, मिरची भाजून कुटलेलं, नीट ठेवलं तर बरेच दिवस राहतं. चव मात्र घरोघरी वेगळी, त्यामुळे कुणाच्या घरचं प्रमाण धरायचं यावर आमच्यात दोन बैठका भांडण झालं. ते पुन्हा कधीतरी सांगू.

आता हिशेब. त्या हॉटेलात एक भाकरी ४५ रुपयांना आहे. मालदांडी ज्वारीचा २०२५-२६ चा सरकारी हमीभाव क्विंटलला ३७४९ रुपये, म्हणजे किलोला साडेसदतीस. किलोभर पिठाच्या आपल्या हाताच्या ११ भाकरी होतात. म्हणजे ४५ रुपयांच्या भाकरीत ज्वारी साडेतीन रुपयांची. बाकी सगळा हॉटेलवाल्याचा नफा असतो असं मात्र कुणी समजू नका. जागेचं भाडं, गॅस, पगार, उरलेलं अन्न, सगळं त्यातूनच जातं.

सभासदांची ज्वारी घेऊन, निवडून, दळून, पिशवीत भरून पोचवायची, तर आम्हाला किलोला ५५ रुपये पडतात. मॅनेजर म्हणाले, "व्यापारी ४८ ला देतो." फरक ७ रुपयांचा. आम्ही तिथंच टेबलावर ७ ला ११ नं भागलं. भाकरीमागं ६४ पैसे. ४५ रुपयांच्या भाकरीवर 'इथलं' असं लिहायचं असेल, तर ६४ पैसे जड नाहीत, हे आम्ही त्यांना सांगितलं. ते हसले, पण मालकांशी बोलतो म्हणाले.

'इथलं' या शब्दाला बाजारात किंमत आहे, हे सरकारनंही मानलंय. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ते नाव त्या भागातल्या त्याच वाणाला लावता येतं, दुसरीकडच्या ज्वारीला नाही. पण ज्वारी पेरणारे कमी झालेत. सोयाबीन-कापसानं रान व्यापलं, आणि कडब्यासाठी दूधवाल्यांच्या दारात जायची वेळ आली.

रानात काय पेरायचं हे बाईनं ठरवलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या कामातून प्रेमा गोपालन यांची 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी राहिली. या संस्थेनं बायकांना सांगितलं, घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घ्या आणि त्यात धान्य, डाळी, भाजीपाला असं खायचं पीक घ्या. दुष्काळी भागात हजारो जणींनी तसं केलं. आधी घरचं ताट, मग उरेल ते बाजारात. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. केरळात तर १९९८ साली सुरू झालेल्या कुटुंबश्रीच्या बायका स्वतःच उपाहारगृहं चालवतात. आम्ही अजून तिथं पोचलो नाही. आम्हाला आधी उधारीची भीती आहे.

ती कशी, तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका खानावळीला आम्ही उडदाचे पापड दिले होते. "महिनाअखेर पैसे" असं तोंडी ठरलं. पैसे आले सातव्या महिन्यात. गटातल्या चौघींनी उडीद घ्यायला अंतर्गत कर्ज काढलं होतं. त्यांचे हप्ते थकले, आणि एकीनं कानातलं गहाण ठेवलं. खानावळवाल्यानं एकदाही फोन उचलायचं टाळलं नाही, गोड बोलून पुढची तारीख द्यायचा. कागद नव्हता, म्हणून आम्हाला काही बोलता आलं नाही.

या वेळी कागद केला. १५ दिवसांत पैसे. दोन बिलं थकली तर तिसरा माल जाणार नाही. परत करायचं पीठ त्याच दिवशी परत, आठवड्यानं कीड दाखवायची नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी गटाच्या नावावर घेतली आहे, तिचा नंबर पिशवीवर येईल. आणि जेवणाच्या कार्डावर गावाचं नाव लिहायचं. मालकांनी बाकी सगळं मानलं. भावाचं ५३ वर तुटलं, वाहतुकीत थोडी काटछाट करून आम्हाला ते परवडेल. गावाच्या नावाचं अजून उत्तर नाही.

निघताना मात्र मालकांनीच एक गोष्ट विचारली. ज्वारी कुठंही मिळेल हो, पण हातावर भाकरी थापणारी माणसं शहरात मिळत नाहीत, तुमच्यातल्या दोघी येतील का? आम्ही एकमेकींकडं बघितलं. घरी सकाळ-संध्याकाळ थापतो, त्याचा पगार असतो हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आम्ही पगार विचारला. त्यांनी आकडा सांगितला, तो आचाऱ्याच्या निम्मा होता. मोठ्या बाई म्हणाल्या, "भाकरीवाचून तुमचं ताट होतं का?" मालक विचार करून कळवतो म्हणालेत.

दोघी तयार आहेत. हॉटेलात गर्दी रात्री नऊनंतर होते, आणि त्यानंतर फुलंब्रीला परतायचं कसं, हे अजून सुटलेलं नाही. पहिलं ४० किलो पीठ येत्या गुरुवारी जाईल.