पाण्याचा हिशेब कोणी मागायचा?

(द्वितीय वर्ष, कला)

पाण्याविषयी लिहायचे म्हटले की 'पाणी हेच जीवन' या वाक्याने आरंभ करण्याचा प्रघात आहे. वाक्य खरे आहे. पण त्याने नळाला पाणी येत नाही. धरण, पंप, टाकी, नळ, वीज आणि वसुली या सहा गोष्टी जागच्या जागी असतील तरच ते येते. पाणी निसर्गाचे असले तरी पाणीपुरवठा हा व्यवहार आहे. आणि व्यवहार म्हटला की तो कोण चालवतो, कसा चालवतो आणि त्याला जाब कोण विचारतो, हे तीन प्रश्न आलेच.

श्रीवर्धनच्या बाजारात एका कोळणीने पापलेटाचा भाव जास्त सांगितला, तर आपण दोन पावले पुढे जाऊन दुसरीकडे विचारतो. रोठा सुपारीचा बागाईतदारही एका व्यापाऱ्याशी जमले नाही तर दुसरा गाठतो. पाण्याचे मात्र तसे नाही. एकाच आळीत दोन संस्थांनी दोन वेगळे नळ टाकणे परवडणारे नाही. म्हणून जो पहिला नळ टाकतो तोच मालक होऊन बसतो. अर्थशास्त्रात याला 'नैसर्गिक मक्तेदारी' म्हणतात. गिऱ्हाइकाला पाठ फिरवण्याची सोय नसेल, तर विक्रेत्यावर लक्ष ठेवणारा तिसरा कोणीतरी हवा. या तिसऱ्यालाच नियामक म्हणतात.

नियामक नेमला की सारे सुरळीत होते असे मात्र नाही. इंग्लंडचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९८९ साली पाणीपुरवठा करणारी दहा सरकारी प्राधिकरणे खासगी कंपन्यांच्या हाती देण्यात आली आणि दर ठरवण्यासाठी 'ऑफवॅट' हा नियामक नेमण्यात आला. विक्रीपूर्वी सरकारने जुनी कर्जे माफ केली होती. लंडनला पाणी पुरवणाऱ्या थेम्स वॉटर कंपनीवर २०२४ पर्यंत पंधराशे कोटी पौंडांहून अधिक कर्ज चढले. सांडपाण्याच्या व्यवस्थेतील कसूर आणि भागधारकांना नियमबाह्य रीतीने वाटलेला लाभांश यांबद्दल मे २०२५ मध्ये ऑफवॅटने तिला १२ कोटी २७ लाख पौंडांचा दंड केला. पण जुलै २०२५ मध्ये एका चौकशी आयोगाने खुद्द ऑफवॅटच बरखास्त करावे अशी शिफारस केली आणि सरकारने ती मान्य केली. राखणदार इतक्या उशिरा जागा झाला, की त्याच्यावरचा विश्वासच उडाला. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये २००२ पासून पाण्याची कंपनी सरकारी मालकीची आहे, तरीही तिच्यावर स्वतंत्र नियामक आहे. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. मालक सरकारी की खासगी हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो एकच प्रश्न नव्हे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १९७६ च्या कायद्याने येथे पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ स्थापन झाले. १९९७ साली त्याचे नाव महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले. हे प्राधिकरण योजना आखते, बांधते आणि अमरावती, बदलापूर यांसारख्या ठिकाणी स्वतः चालवतेही. पुढे २००५ साली विधिमंडळाने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. पाण्यासाठी स्वतंत्र नियामक असावा हा देशातील पहिलाच मोठा प्रयोग. हे प्राधिकरण धरणातील पाण्याचे ठोक दर ठरवते आणि दर तीन वर्षांनी त्यांचा फेरविचार करते. दर ठरवताना लाभधारक जनतेचे म्हणणे विचारात घ्यावे, असे कायद्यातच म्हटले आहे. पण कोणत्या क्षेत्राला किती पाणी द्यायचे याचा निर्णय २०११ च्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाकडे गेला. नियामकाचे हात किती लांब ठेवायचे हे शेवटी राज्यकर्तेच ठरवतात, ते असे.

येथे एक बारकावा आहे, आणि तो आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हे प्राधिकरण जो दर ठरवते तो धरणापाशी, ठोक पाण्याचा. नगरपरिषद तेथून पाणी घेते, शुद्ध करते आणि घरोघर पोचवते. त्यापुढची पाणीपट्टी स्थानिक सभागृह ठरवते. थोडक्यात, नियामकाची नजर धरणाशी थांबते. नळाशी काय चालले आहे हे पाहणारा तिसरा कोणी नाही. तेथे राखणदार म्हणजे तुम्ही आणि मी!

मग आपण पाहायचे तरी काय? याचे उत्तर तयार आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ साली पाणीपुरवठ्यासाठी नऊ मोजमापे ठरवून दिली. शंभर टक्के घरांना नळजोडणी, माणशी रोज १३५ लिटर पाणी, शंभर टक्के मीटर, गळती व बेहिशेबी पाणी २० टक्क्यांच्या आत, चोवीस तास पुरवठा, पाण्याचा प्रत्येक नमुना शुद्ध, ८० टक्के तक्रारींचे निवारण, खर्चाची पूर्ण भरपाई आणि बिलांची ९० टक्के वसुली. ही नऊ मापे म्हणजे संस्थेचे प्रगतिपुस्तकच. ते वाचायला अभियंता असण्याची गरज नाही.

आकड्यांचा अर्थ मला घरच्या हिशेबाने उमगला. आमची वाडी शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. पावसाळ्यात येथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. त्या दिवसांत आई पहाटेपासून सात खेपा करी. एका खेपेला एक हंडा आणि एक कळशी, म्हणजे बावीस लिटर धरा. सात खेपांचे दीडशे लिटर. पाच माणसांत माणशी तीस. जलजीवन मिशनने २०१९ साली ग्रामीण भागासाठी ५५ लिटरांचे उद्दिष्ट ठेवले. माझ्या आईला शाळा ठाऊक नाही. पण ५५ आणि ३० यांतला फरक तिच्या मानेला पक्का ठाऊक आहे. घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. तेव्हा हा फरक कागदावर मांडण्याचे काम माझेच.

चांगली उदाहरणे आपल्याकडे नाहीत असे नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने चोवीस तास पाण्याची योजना राबवली. तेथे मीटर बसवले आणि जास्त वापरणाऱ्याला चढा दर लावला. नागपुरात २०१२ पासून पंचवीस वर्षांच्या कराराने ऑरेंज सिटी वॉटर ही खासगी कंपनी शहराचा पुरवठा सांभाळते. मात्र पाणी आणि दर ठरवण्याचा अधिकार महापालिकेकडेच आहे. पाच वर्षांत साऱ्या शहराला चोवीस तास पाणी देण्याचे उद्दिष्ट त्या मुदतीत पुरे झाले नाही. लहान गावाला जमले आणि मोठ्या शहराला अवघड गेले, याचे एक कारण मला असे वाटते, की लहान गावात हिशेब सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो.

आपले श्रीवर्धनही लहान आहे, हे आपले भाग्यच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब कोलमडले. वीज नाही म्हणजे पंप नाही, आणि पंप नाही म्हणजे टाकी कोरडी. त्या वेळी वाड्यांतल्या जुन्या विहिरींवर पुन्हा दोर-पोहरे आले. नळ आल्यावर विहीर बुजवणे किती महाग पडेल, हे त्या दिवसांनी शिकवले. म्हणून माझ्या मते आपल्या किनाऱ्यासाठी त्या नऊ मापांत दहाव्याची भर घालावी : वीज गेली तर किती दिवस पाणी देता येईल?

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चाच आहे. वार्षिक अंदाजपत्रक, पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष, वसुलीचे आकडे हे सारे कोणाही नागरिकाला मागता येते. अर्थशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मिळून दरवर्षी आपल्या गावाचे हे प्रगतिपुस्तक भरावे आणि याच अंकात छापावे, अशी माझी प्राध्यापकवर्गाला व मित्रमैत्रिणींना नम्र सूचना आहे. सुरुवात एका आळीपासून केली तरी चालेल. एक वही, एक घड्याळ आणि एक बादली एवढी सामग्री पुरे. नळ किती वाजता आला, किती वेळ राहिला आणि बादली किती मिनिटांत भरली, एवढे लिहीत गेलो तरी वर्षाअखेरीस आपल्या हाती पुरावा असेल. आणि पुरावा हाती असलेल्या माणसाला सभागृहात उत्तर द्यावेच लागते.